मागच्या सीटवरचं वजन

"बस येणार नाही हं आता."

आवाज पाठीमागून आला आणि ती केवढ्यानं दचकली! पंचवीस मिनिटं त्या थांब्यावर उभी होती, आणि तेवढ्या वेळात धुक्यातून माणूस सोडा, एक कुत्रंही बाहेर आलं नव्हतं. वळून बघते तर थांब्याच्या बरोबर मागे एक अर्धवट उघडलेलं शटर, आत पिवळा दिवा, आणि दारात चहाचा कप धरून उभा असलेला एक उंच, हडकुळा तरुण. कपाळावर ग्रीसचा भलामोठा डाग होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"येणार नाही म्हणजे?"

"महामार्गावरची बस बंद झाली. कालपासून. पाटीसुद्धा काढून नेली की." त्यानं कपानंच वर दाखवलं. खरंच, खांबावर नुसते दोन गंजके बोल्ट उरले होते.

"आणि तुम्ही पंचवीस मिनिटं नुसती गंमत बघत होतात?"

"गंमत नाही हो..." तो ओशाळला. "मला वाटलं, तुम्ही दोघी गप्पा मारताय. मध्ये कशाला बोलायचं?"

"दोघी? मी एकटीच आहे."

त्यानं तिच्या डाव्या बाजूला बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे. "हां... धुकं फार आहे आज," तो म्हणाला आणि चहाचा घोट घेतला.

आता शहाण्या मुलीनं यावर सरळ घरचा रस्ता धरायचा. पण तिची अडचण खरी होती. ती कान तपासायचं काम करायची. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. एक तारखेपासून तिची बदली नव्या केंद्रात झाली होती, महामार्गाच्या पार दुसऱ्या टोकाला. हातात नऊ दिवस होते. बस नाही म्हणजे गाडी हवी, आणि गाडीही नाही म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. आणि ते अर्धवट शटर नेमकं वापरलेल्या स्कूटरांच्या दुकानाचं निघालं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"गाडी हवीय ना?" त्यानं तिचा चेहरा वाचला.

"तुम्ही मालक?"

"मालक काका आत पेपर वाचतायत. मी गाड्या तपासतो, दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांशी भांडतो."

"तिसरं काम आवडीचं दिसतंय."

"माणूस बघून," तो म्हणाला, आणि शटर वर ढकलायच्या निमित्तानं त्यानं तोंड फिरवलं.

आत स्कूटरांची रांग होती. रोज कुठून कुठं, असं त्यानं विचारलं. गल्ल्यांमधून सहा किलोमीटर, पुढे महामार्गावर सव्वीस, असं तिनं सांगितलं.

"तिथंच तर सगळा घोळ आहे. गल्लीला लहान गाडी बरी, महामार्गाला मोठी. दोन्हीकडे नीट वागेल अशी मधली गाडी म्हणजे घरात ऐकणारा आणि बाहेर बोलणारा नवरा. असतो, नाही असं नाही. पण शोधावा लागतो."

"नवरा नकोय. स्कूटर हवीय."

"तेच म्हणतोय मी... स्कूटरच."

त्यानं दोन गाड्या बाहेर काढल्या. एक पांढरी, एकशे साठ सीसीची. अंगानं हलकी, गल्लीत एका झटक्यात वळेल, पार्किंगमध्ये एका हातानं ओढता येईल. पण महामार्गावर ऐंशीच्या पुढे कुरकुरणार, आणि शेजारून ट्रक गेला की थरथरणार. दुसरी काळी, तीनशेची. रुंद सीट, पुढे उंच काच, मोठी चाकं, शंभरला गेली तरी ढिम्म. मात्र गल्लीत ती मागे घ्यायची म्हणजे म्हैस जिन्यावरून उतरवायची.

ती काळीवर बसली. त्यानं लांबूनच विचारलं, "पाय टेकतात?"

"टेकतात."

"टाचासुद्धा?"

"टाचा कशाला हव्यात? मी काय गाडीवर कवायत करणार आहे?"

तो हसला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आधी कोणती होती?"

"जुनी, छोटी. मी आणि मावशी फिरायचो तिच्यावर. वर्षापूर्वी मावशी गेली. मग विकून टाकली." हे तिनं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की पुढचा प्रश्न त्यानं गिळून टाकला.

त्या दुकानाची एक पद्धत होती. गाडी नुसती गल्लीतून फिरवून आणून कुणाला विकायची नाही. प्रत्येक गाडी तीन दिवस वापरायला द्यायची. देण्याआधी तो मागच्या शॉकअपच्या दांड्यावर रबराची बारीक कडी चढवायचा आणि मागच्या टायरवर आडव्या खडूच्या रेघा ओढायचा. गाडी किती दबली ते कडी सांगते, वळणावर किती वाकली ते खडू सांगतो.

"आणि मला विचारलं तर?"

"गिऱ्हाईक खोटं बोलतं. सगळेच म्हणतात, एकटाच असतो, हळूच चालवतो. मग मी कडी बघतो." त्यानं पांढरीच्या मागे उकिडवं बसून कडी चढवली. "गाडी कधी खोटं बोलत नाही."

ती मनात म्हणाली, भलताच कडीवाला आहे हा. आणि मग दिवसभर ते नाव तिच्या डोक्यातून जाईना.

पहिल्या दिवशी पांढरी घेऊन ती नव्या केंद्राचा रस्ता बघायला निघाली. गल्ल्या संपेपर्यंत गाडी पाखरासारखी गेली. महामार्गाची चढण लागली, धुकं दाटलं, आणि तिथंच मागची बाजू खाली बसली. हळूच, अगदी सवयीनं... जणू कुणी साडी सावरून, एका बाजूनं सीटवर टेकलं. तिनं आरशात बघितलं. आरशात नुसतं पांढरंफट धुकं होतं. इंजिन सत्तरलाच धापा टाकायला लागलं. ब्रेक लावला की पाठीला मऊ दाब यायचा. ती स्वतःवरच चिडली. नसलेला आवाज ऐकून बटण दाबणारी माणसं तिला रोज भेटायची, त्यांना ती समजावून घरी पाठवायची. आता आपलीच त्यात भर नको, असं तिनं स्वतःला बजावलं.

पण दुसऱ्या दिवशी जुन्या केंद्रात एक विचित्र गोष्ट घडली. कामाला सुरुवात करण्याआधी रोज स्वतःच्या कानांवर यंत्र तपासून घ्यायचं असतं. ती आवाजबंद खोलीत बसली, जाड दार लावलं, हेडफोन घातले. एक आवाज, मग शांतता. दुसरा आवाज, मग शांतता... आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं. तिनं स्वतःचा श्वास रोखला. तो दुसरा श्वास चालूच राहिला, संथ, अगदी शेजारी. तिनं बटण दाबलं नाही. दार उघडून ती बाहेर आली आणि पाणी प्यायली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पांढरी परत नेली. कडीवाला आधी आनंदानं उठला, चहा सांगितला, मग गाडीमागे वाकला. वाकला तो बराच वेळ उठलाच नाही.

"गाडी आवडली नाही मला. दम नाही तिच्यात," ती म्हणाली.

"दोघांना कसा पुरेल दम?" तो उठला. आवाज बदलला होता. "एकट्या माणसाला पुरतो."

"मी एकटीच होते."

"कडी पार खाली गेलीय."

"खड्ड्यात गेली असेल."

"खड्डा एकदाच दाबतो. ही गाडी दबूनच चाललीय, दांड्यावर धुळीची रेघ आहे बघा. मागे माणूस होता." त्यानं फडक्याला हात पुसले, पुसतच राहिला. "असू दे ना. मला काय करायचंय? नुसतं आधी सांगितलं असतंत तर स्प्रिंग तशी लावून दिली असती."

बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. तिला राग यावा की हसू, कळेना. हा कडीवाला चक्क जळतोय! पण ज्याच्यावर जळतोय तो आहे कुठं? या प्रश्नाशी येऊन तिचं हसू थांबलं.

ती काळी घेऊन गेली. काळी तीन दिवस महामार्गावर अशी पळाली की विचारू नका. शंभरच्या वेगातही काचेमागे वारा नाही, ट्रक शेजारून गेला तरी हालचाल नाही. आणि तरी रोज त्याच चढणीवर ते वजन येऊन बसायचं, आणि गल्लीत परत शिरलं की उतरायचं. एका सकाळी नव्या केंद्रापाशी उतरताना तिचा हात मागच्या सीटवर पडला. सीट कोमट होती. बाकी सगळी गाडी थंडगार.

सोमवारी तिनं काळी दुकानात आणली. त्यानं कडी बघितली, खडू बघितला आणि या वेळी तो सरळ भांडायलाच उभा राहिला.

"हे बघा, कुणाला घेऊन फिरता तो तुमचा प्रश्न आहे. पण त्या माणसाला एक सांगा. वळणावर तो उलटा झुकतो. तुम्ही डावीकडे तर तो उजवीकडे. त्यामुळे गाडी जास्त वाकवावी लागते. टायरच्या पार कडेचा खडू पुसलाय. महामार्गावर हे जिवावर बेतेल. त्याचं काय व्हायचं ते होवो, तुम्हाला काही झालं तर..."

उलटं झुकणारं माणूस तिला माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, कारण भीती वाटली की ती आधी चिडायची.

"मी खोटारडी आहे असं म्हणायचंय ना तुम्हाला? ठीक आहे. उद्या सकाळी तुम्हीच चला. मी काळीवर, तुम्ही पांढरीवर, बरोबर मागे. डोळ्यांनी बघा मागे कोण बसतं ते!"

"येतो. भितो की काय?"

"मीही नाही भीत," ती म्हणाली. दोघांपैकी एकानंही खरं सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी निघण्याआधी त्यानं स्वतःच्या हातानं काळीची कडी वर सरकवली, नव्या रेघा ओढल्या. चढणीपर्यंत त्याचा दिवा तिच्या आरशात खेळकरपणे डावी-उजवीकडे करत होता. चढण लागली. तिच्या मागे ते वजन टेकलं. आणि आरशातला दिवा एकदम खूप मागे राहिला.

मधल्या पेट्रोल पंपावर चहाची टपरी होती. ती थांबली. बऱ्याच वेळानं तो आला, हेल्मेट काढलं, आणि दोन चहा घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"काही दिसलं?" तिनं विचारलं.

"नाही. सीट रिकामी होती. पूर्ण वेळ रिकामी होती. तुम्ही खरं बोलत होतात." "पण चढणीवर तुमची गाडी खाली बसली, मी बघितलं. आणि त्या लांब वळणावर तुम्ही डावीकडे झुकलात आणि... मागून काहीतरी उजवीकडे झुकलं. मला दिसलं नाही. गाडीला दिसलं."

दोघांनी वळून गाड्यांकडे बघितलं. धुक्यानं दोन्ही गाड्या ओल्या केल्या होत्या, काच, हँडल, सीट, सगळ्यावर थेंब. फक्त काळीच्या मागच्या सीटवर दोन वितींची जागा कोरडी होती.

"मावशी," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मग तिनं सगळं सांगितलं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, त्यांच्याकडेच राहायची, शिवणकाम करायची. गाडीवर मागे बसायची ती एका बाजूला पाय सोडून, आणि वळण आलं की उलटी झुकायची. "अगं पडू आपण, मी तोल सांभाळतेय," असं वर ठणकावून सांगायची. किती वेळा समजावलं, किती वेळा भांडण झालं! आणि तिची एकच हौस होती, त्या मोठ्या रस्त्यानं भन्नाट वेगात जायचं. छोट्या गाडीला ते झेपणारं नव्हतं. मोठी गाडी घेतली की नेते, असं ती म्हणत राहिली. मग मावशी अंथरुणाला खिळली.

"शेवटच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं हो. 'नेतेस ना गं?' मी म्हटलं, 'आधी बरी तर हो.' ती बरी होणार नाही हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी नुसतं हो म्हणायला हवं होतं."

कडीवाल्यानं तिच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला आणि आपला गरम कप तिथं ठेवला. त्याची बोटं तिच्या बोटांवर एक क्षण जास्त थांबली. "आता तर नेताय ना," तो हळूच म्हणाला.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती शेजारी बसून घड्या घालायला लागली आणि बोलता बोलता सांगून बसली. आई घाबरली नाही. उलट हसली.

"बसमध्येसुद्धा उलटी झुकायची ती. दोनदा माझ्या मांडीवर आदळलीय, एकदा कंडक्टरच्या." हसता हसता आईनं हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "पण मला एक सांग... ती आपणहून येतेय, की तू तिला धरून ठेवलंयस? तिकडे तिची वाट बघणारी आपली माणसं असतील गं."

त्या प्रश्नानं तिचा जीव टांगणीला लागला. बुधवारी ती दुकानाकडे फिरकलीच नाही. गुरुवारी गेली ती निरोप घ्यायलाच.

"मी गाडी घेत नाहीये. कुठलीच."

तो पान्याशी खेळत होता, तो थांबला. "आणि नोकरी?"

"बघेन दुसरी. नाही झेपत मला. गाडी घेतली तर तिला असंच जन्मभर मागे बसवून फिरवायचं? तिला सुटका नाही, मला सुटका नाही. आणि नाही घेतली तर पुन्हा तिला नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा. आणि शिवाय..." तिनं त्याच्याकडे बघणं टाळलं. "शिवाय माझ्या मागे दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. कुणी बसायचं म्हटलं तरी."

"कुणी बसणार होतं का?"

"मला काय माहीत?"

आत काकांनी पेपरचं पान उलटलं.

"मला मागे बसायचंच नाहीये," तो शेवटी म्हणाला. कान लाल झाले होते, पण तो बोलत राहिला. "मागची जागा मावशींची. ती मी कशाला मागू? पांढरी मी माझ्यासाठी ठेवून घेतलीय, कालच काकांना सांगितलं. मी शेजारून येईन."

"तुम्हाला त्या टोकाला काय काम?"

"काही नाही. तुम्हाला सोडायचं आणि दुकान उघडायच्या आत परत यायचं."

"रोज? चौसष्ट किलोमीटर, बिनकामाचे?"

"आवडता तुम्ही मला. पहिल्या दिवशी धुक्यात दोघी दिसल्या, पण बघत मी एकीकडेच होतो. आता याला काम म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"आणि मावशी कधीच उतरली नाही तर?"

"तर तिघं जाऊ. रस्ता काय लहान आहे?"

हो म्हणावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण कुणीतरी पाठीमागे उभं राहून ऐकतंय असं वाटलं, आणि मावशीला न विचारता हो म्हणणं म्हणजे तिला गाडीवरून ढकलून देणं, असं काहीतरी वेडंविद्रं मनात आलं. "बघू," एवढंच म्हणून तिनं काळीची किल्ली उचलली. काळीच घ्यायची हे मात्र ठरलं. मागच्या माणसाला ऐसपैस बसता यायला हवं होतं.

एक तारीख उजाडली ती पुन्हा धुक्यात. समोरचं हातभर दिसत नव्हतं. तो वेळेआधी दारात हजर होता, केस विंचरलेले, कपाळावर आज ग्रीस नाही. आईनं खिडकीतून दोघांकडे बघितलं, पांढरीकडे बघितलं आणि हात हलवला.

गल्ल्या संपल्या. चढण आली. तिनं पाठ ताठ केली, मागे वजन टेकायची वाट बघितली.

काहीच झालं नाही.

गाडी वर चढली ती सुळ्ळकन, कधी नव्हे इतकी हलकी. तिनं आरशात बघितलं, धुकं. ब्रेक हळूच दाबून बघितला, पाठीला कशाचा स्पर्श नाही. "मावशी?" ती हेल्मेटच्या आत म्हणाली. "अगं मावशी, आहेस ना?" तिला भरून आलं. गेली? एवढ्यात गेली? एकाला हो म्हणायचा नुसता विचार केला, तेवढ्यानं रागावून गेली? सव्वीस किलोमीटर मोकळा रस्ता पुढे होता आणि तिला वाटलं, आत्ता गाडी वळवावी, घरी जावं आणि दार लावून घ्यावं.

तेवढ्यात शेजारून इंजिनाची धाप ऐकू आली. पांढरी मागे पडत चालली होती. तिनं वेग कमी केला, मान वळवली आणि बघतच राहिली.

पांढरीचं नाक वर आलं होतं. मागची बाजू पार खाली बसली होती. सत्तरलाच बिचारी कण्हत होती. त्याच्या मागची सीट रिकामी होती आणि त्याच्या जॅकेटची डावी बाजू, कुणी मुठीत धरावी तशी, मागे ओढली गेली होती. लांब वळण आलं. तो डावीकडे झुकला, आणि पांढरी उजवीकडे खेचली गेली. ती थरथरली, डगमगली, सावरली. हेल्मेटमधून त्याचे डोळे तिला शोधत होते, बशीएवढे झालेले.

ती हसायला लागली. रडतही होती, काच आतून धूसर झाली, पण हसू थांबेना. रागावली नव्हती मावशी! पोरगा कसा आहे ते बघायला गेली होती. लग्नाच्या गोष्टीत कधी कुणावर विश्वास ठेवला नव्हता तिनं, घरात कुणाचंही स्थळ आलं की स्वतः जाऊन पारखायची.

पंपावर तिनं गाडी थांबवली. तो शेजारी येऊन थांबला, पण उतरेना. दोन्ही हात हँडलवर घट्ट, मान जराही न वळवता तो कुजबुजला, "मागे... माझ्या मागे..."

"माहीत आहे मला."

"कधी बसल्या कळलंच नाही. खांद्यावर हात आहे. मी काय करू? सांगा ना, काय करू मी?"

ती काळीवरून उतरली. त्याच्या समोर गेली, त्याच्या हेल्मेटची काच वर केली. भीतीनं पांढराफटक पडला होता, पण गाडी सोडून पळाला नव्हता, आणि मागच्या बाईंना त्रास होऊ नये म्हणून गाडी दोन्ही पायांनी सरळ धरून उभा होता. तिला त्याच क्षणी कळलं की आता कुणाला विचारायचं राहिलेलं नाही.

"काही करू नकोस," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठं गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. "तिनं पसंत केलंय तुला. मीही केलंय, गुरुवारीच. रात्री घरी ये, आईला भेट."

त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. त्यानं जपून, अगदी जपून मान मागे वळवली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला, "नमस्कार, मावशी."

सीटचा फोम हलकेच चुरचुरला.

ती आपल्या गाडीवर बसली. मागे पहिल्यांदाच कुणी नव्हतं, आणि ते बरं वाटलं, याचं तिला थोडं वाईटही वाटलं. तिनं काळी सुरू केली आणि त्याला ओरडून सांगितलं,

"पुढे रस्ता खराब आहे. खड्ड्यातून हळू घे हं, तिची कंबर दुखते!"